कोंबडी, कोल्हा आणि 32 शब्द

रोझी नावाची कोंबडी खुराड्यातून बाहेर पडते. अंगण ओलांडते, तळ्याला वळसा घालते, गवताच्या गंजीवरून जाते, पिठाच्या गिरणीजवळून पुढे सरकते, कुंपणातून पलीकडे निघते, मधमाश्यांच्या पेट्यांखालून जाते आणि जेवायच्या वेळेला घरी परत येते. संपली गोष्ट. इंग्लिश चित्रकार-लेखिका पॅट हचिन्स यांच्या 1968 सालच्या ‘रोझीज वॉक’ या पुस्तकात एवढंच लिहिलंय. सगळे मिळून 32 शब्द, तेही एकाच वाक्यात. नुसता मजकूर एखाद्या संपादकाच्या हातात दिला तर तो विचारेल, अहो, पण यात घडतंय काय?

घडतं ते चित्रात. रोझी बाहेर पडते तेव्हाच एक कोल्हा दबा धरून बसलेला दिसतो. तो झेप घेतो आणि नेमका दाताळ्यावर पडतो. दांडा उसळून थाडकन नाकावर बसतो. पुढची झेप तळ्यात. त्यापुढची गंजीत. गिरणीपाशी रोझीच्या पायात दोरी अडकते, दोरी ओढली जाते आणि वर टांगलेल्या पोत्यातलं पीठ कोल्ह्याच्या अंगावर. शेवटी तो एका गाडीत कोसळतो, गाडी घरंगळत जाऊन मधमाश्यांच्या पेट्यांवर आदळते आणि कोल्हा जीव मुठीत धरून पळ काढतो. मजकुरात ‘कोल्हा’ हा शब्द एकदाही येत नाही.

हे पुस्तक मोठ्याने वाचून दाखवताना एक गंमत होते. वाचणाऱ्याची नजर अक्षरांवर असते आणि अक्षरओळख नसलेल्या मुलाची चित्रावर. त्यामुळे ज्याला वाचता येतं त्याला गोष्ट अर्धीच कळते आणि ज्याला येत नाही त्याला पूर्ण. तीन-चार वर्षांचं मूल “अगं मागे बघ, मागे!” असं ओरडायला लागतं. रोझी ढिम्म. तिला कोल्हा दिसतच नाही, की सगळं माहीत असून ती ऐटीत चालली आहे? पुस्तक सांगत नाही. मुलं यावर तावातावाने भांडू शकतात आणि दोन्ही बाजूंना पुरावे चित्रातच सापडतात.

चित्रपुस्तक म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल तर शब्द आणि चित्र यांच्यामधल्या या मोकळ्या जागेकडे बघायला हवं. शब्द एक सांगतात, चित्र दुसरंच दाखवतं, आणि दोन्ही जोडून जी तिसरी गोष्ट तयार होते ती कागदावर कुठेच नसते. ती जोडणी मुलाने करायची असते. कलेशी माणसाचा खरा संबंध इथूनच सुरू होतो असं मला वाटतं. भिंतीवरच्या तसबिरीपासून किंवा चित्रकलेच्या तासापासून नव्हे, तर कुणाच्या तरी मांडीवर बसून केलेल्या या जोडणीपासून.

ताटलीचे तुकडे

लहान मुलांसाठी सचित्र पुस्तक करण्याची कल्पना जुनी आहे. मोराव्हियात (आजच्या चेक प्रजासत्ताकात) जन्मलेले आणि युद्धामुळे देशोधडीला लागलेले शिक्षक जॉन कमेनियस यांनी 1658 साली न्यूरेंबर्गमध्ये ‘ऑर्बिस सेन्शुअलियम पिक्टस’ हे पुस्तक छापलं. लाकडी ठशांची चित्रं, खाली लॅटिन आणि जर्मन मजकूर. विषय जगभरातले: अग्नी, ढग, पक्षी, शिंपी, चांभार, शाळा. चित्रातल्या प्रत्येक वस्तूवर आकडा आणि मजकुरात तोच आकडा. मुलांना आधी वस्तू दिसली पाहिजे, मग शब्द, हा त्यामागचा विचार. छडीच्या जोरावर लॅटिन पाठ करून घेण्याच्या काळात तो क्रांतिकारक होता. पण त्यातलं चित्र शब्दाचा हुकूम पाळतं. मजकुरात चांभार, तर चित्रात चांभार.

चित्राला स्वतःचं तोंड फुटलं ते बऱ्याच नंतर. त्याचं श्रेय बहुतेक अभ्यासक रँडॉल्फ कॅल्डिकॉट या इंग्लिश चित्रकाराला देतात. 1878 पासून त्याने प्रचलित बडबडगीतांची छोटी छोटी पुस्तकं काढली. एका गाण्याच्या शेवटी ताटली आणि चमचा हातात हात घालून पळून जातात. शब्द तिथे संपतात. कॅल्डिकॉट मात्र आणखी एक चित्र काढतो, त्याखाली अक्षरही नाही. ताटली फुटून तिचे तुकडे पडलेत आणि चमच्याला त्याचे आईबाप, म्हणजे सुरी आणि काटा, दोन्ही बाजूंनी धरून घरी घेऊन चाललेत. आनंदी बडबडगीताच्या शेपटाला अख्खी शोकांतिका. पुस्तक 1882 सालचं, पण ही खोडी आजही ताजी वाटते. अमेरिकेत दरवर्षी उत्कृष्ट चित्रपुस्तकासाठी जे पदक दिलं जातं ते याच चित्रकाराच्या नावाने आहे. पहिलं पदक 1938 साली दिलं गेलं.

सचित्र पुस्तक आणि चित्रपुस्तक यांत फरक करायचा तर तो इथे आहे. सचित्र पुस्तकातली चित्रं काढून टाकली तरी गोष्ट उभी राहते. चित्रपुस्तकातली काढली तर ती कोसळते. ‘रोझीज वॉक’मधली चित्रं झाकून वाचा, हातात काहीच उरत नाही.

पान उलटण्याची जागा

आता थोडं कागदाबद्दल, कारण चित्रपुस्तकाचं निम्मं व्याकरण छापखान्यात ठरतं. हातातलं चित्रपुस्तक मोजून बघा, बहुधा 32 पृष्ठांचं असेल. यामागे कुठलाही साहित्यिक सिद्धान्त नाही. मोठ्या कागदाची तीनदा घडी घातली की 8 पानं, म्हणजे 16 पृष्ठं होतात. असे दोन फॉर्म शिवले की 32. कागद वाया जात नाही, खर्च आटोक्यात राहतो. त्यातून शीर्षकाचं पान, प्रकाशनाचा तपशील वगैरे वजा केलं की गोष्टीसाठी समोरासमोरच्या पानांच्या साधारण बारा ते चौदा जोड्या उरतात. गोष्ट सुरू होऊन, गुंता होऊन, सुटून, घरी परत यायला एवढीच जागा.

या जागेचा वापर कसा होतो ते बघण्यासारखं आहे. दोन पानांच्या मध्ये शिवण येते, त्यामुळे सराईत चित्रकार कुणाचा चेहरा तिथे आणत नाही. उलट दोन पात्रांमध्ये अंतर पडलंय हे दाखवायचं असेल तर मुद्दाम एकाला डावीकडे, दुसऱ्याला उजवीकडे ठेवतो. प्रश्न उजव्या पानावर, उत्तर पान उलटल्यावर. दार उघडलं, आत कोण होतं? पान उलटा. ‘रोझीज वॉक’मध्ये प्रत्येक संकट दोन टप्प्यांत येतं: एका जोडीत कोल्हा हवेत, पुढच्या जोडीत आपटलेला. मधला क्षण दाखवलेलाच नाही. पान उलटेपर्यंतच्या अर्ध्या सेकंदात तो मुलाच्या मनात घडून जातो. म्हणून चित्रपुस्तक वाचताना घाईने पान उलटू नये आणि उलटण्याचा मान शक्यतो मुलाला द्यावा. कधी उलटायचं हे ठरवणं म्हणजे गोष्टीचा ताल हातात घेणं.

दिशेचंही तसंच. डावीकडून उजवीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिपीत पात्रं सहसा उजवीकडे निघतात; उजवीकडे म्हणजे पुढे, अनोळखी प्रदेशात. डावीकडे तोंड करून चालणारं पात्र घरी परतत असतं, नाहीतर वाटेत अडलेलं असतं. अरबी आणि हिब्रू पुस्तकांत हे सगळं उलटं होतं. उभ्या ओळींत छापलेली जपानी पुस्तकंही उजवीकडून उघडतात. त्यामुळे अशा भाषांत पुस्तक नेताना मजकुराचं भाषांतर करून भागत नाही. चित्रातली माणसं पाठमोरी चालायला लागतात की काय, हेही बघावं लागतं.

आकाराचा सर्वांत देखणा वापर मॉरिस सेंडॅक यांच्या 1963 सालच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’मध्ये आहे. मॅक्स नावाचा मुलगा धुडगूस घालतो म्हणून आई त्याला उपाशी झोपायला पाठवते. पहिलं चित्र लहान, भोवती पांढऱ्या कागदाची रुंद चौकट. मॅक्सचा राग वाढत जातो तसं चित्र मोठं होतं. खोलीत जंगल उगवतं तेव्हा चौकट नाहीशी होते. मग चित्र शेजारच्या पानावर सांडतं, मजकुराला ढकलत जातं आणि मॅक्स राक्षसांचा राजा होऊन नाचायला लागतो तेव्हा सलग तीन जोड्यांवर एकही शब्द उरत नाही. नाच संपल्यावर चित्रं मागे सरतात, मजकूर परत येतो. शेवटी मॅक्स खोलीत पोचतो तर जेवण वाढून ठेवलेलं. पान उलटलं की कोरा कागद आणि त्यावर एवढंच, की ते अजून गरम होतं.

रागाचं चढणं आणि उतरणं मुलाला समजावून सांगायला आपण किती शब्द खर्च केले असते! सेंडॅक यांनी चौकट नुसती लहानमोठी केली. ते सांगत, की शेवटच्या वाक्यात ‘गरम’ऐवजी ‘कोमट’ लिहा, गरम म्हटल्यावर मूल भाजेल, असा प्रकाशकाकडून आग्रह झाला होता. त्यांनी ऐकलं नाही. बरंच झालं. जेवण कोमट असतं तर आई रागावून बराच वेळ झाला असा अर्थ निघाला असता.

लाल त्रिकोण

‘मला चित्रातलं काही कळत नाही’ असं म्हणणाऱ्या मोठ्या माणसांसाठी एक प्रयोग आहे. मॉली बँग या अमेरिकी चित्रकर्तीने 1991 साली एका छोट्या पुस्तकात तो सविस्तर करून दाखवला. लागणारं सामान: रंगीत कागद आणि कात्री. चित्र काढता येण्याची अट नाही.

लाल कागदाचा लहान त्रिकोण कापा. ही लांडग्याच्या गोष्टीतली लाल टोपीवाली मुलगी समजा, जंगलातून आजीकडे निघालेली. पांढऱ्या कागदावर मधोमध ठेवलीत तर ती नुसता त्रिकोण वाटेल. आता काळ्या कागदाच्या उभ्या लांब पट्ट्या कापून भोवती लावा. ही झाडं. पट्ट्या सरळ उभ्या असतील तर जंगल शांत. दोनचार पट्ट्या तिरक्या करा. काहीतरी पडणार आहे, बिनसणार आहे, असं वाटायला लागतं. आता एक पट्टी खूप रुंद करून अगदी पुढे आणा, इतकी की तिचा माथा कागदाबाहेर जाईल. त्रिकोण तेवढाच आहे, पण मुलगी एकदम लहान झाली. शेवटी मोठे टोकदार काळे त्रिकोण कोपऱ्यातून आत घुसवा. लांडगा काढायची गरजच पडली नाही.

हे घडतं कशामुळे? आडवी रेघ आपल्याला स्थिर वाटते, कारण जमीन आडवी आहे आणि झोपलेलं शरीर आडवं असतं. उभ्या रेघेत ताठपणा असतो. तिरकी रेघ म्हणजे पडत असलेली किंवा चढत असलेली गोष्ट, म्हणून तिच्यात हालचाल येते. टोक बोचतं, गोलाई बोचत नाही. हे आपल्या शरीराला ठाऊक असतं, कुणी शिकवलेलं नसतं, म्हणून लहान मुलालाही लगेच पोचतं. चित्रकाराची अक्कल ही माहिती नेमकी कुठे वापरायची यात असते. एकदा हा प्रयोग केला की जाहिराती, सिनेमातल्या फ्रेम, पुस्तकांची मुखपृष्ठं, सगळीकडे हीच कारागिरी दिसायला लागते. आपल्याला घाबरवायला, भुलवायला, विकायला ती रोज वापरली जाते. ती ओळखता येणं मी तरी छंदात धरणार नाही.

संशोधन काय म्हणतं, काय म्हणत नाही

चित्र हे चित्र आहे, वस्तू नाही, हे माणसाला जन्मतः कळत नाही. जूडी डीलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नऊ महिन्यांच्या बाळांसमोर खऱ्यासारखी दिसणारी रंगीत छायाचित्रं ठेवली. बाळं चित्रातली वस्तू उचलायला गेली. चिमटीत धरू पाहत होती, बोटांनी खरवडत होती. अमेरिकेतली बाळं तसंच करत होती आणि पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमधली, जिथे पुस्तकं घराघरांत नव्हती, तीही. एकोणीस महिन्यांची मुलं मात्र पकडायला जाईनाशी झाली. ती बोट दाखवायला लागली.

मला हा अभ्यास फार आवडतो. पकडण्याकडून दाखवण्याकडे हा प्रवास म्हणजे केवढी उडी! समोर सपाट कागद आहे आणि त्याच वेळी मांजरही आहे, दोन्ही खरं आहे, हे मुलाने स्वीकारलेलं असतं. पुढे नाटक बघताना, कविता वाचताना, नकाशा उलगडताना हेच करायचं असतं.

पुस्तकं वाचून दाखवली की मूल लवकर वाचायला शिकतं, असं सर्रास म्हटलं जातं. हे जरा जपून म्हणायला हवं. कॅनडातल्या मेरी अ‍ॅन एव्हान्स आणि जाँ सेंतोबँ या संशोधकांनी मुलांची नजर कुठे जाते हे मोजणारी यंत्रं लावून बघितलं (2005). वाचून दाखवलं जात असताना शाळापूर्व वयातली मुलं मजकुराकडे जवळजवळ बघतच नाहीत. सगळा वेळ चित्राकडे. म्हणजे मांडीवर बसून अक्षरं आपोआप पाठ होतात हा समज खरा नाही.

होतं ते वेगळंच. जेसिका मोंटॅग आणि सहकाऱ्यांनी 100 चित्रपुस्तकांतला मजकूर आणि मोठी माणसं मुलांशी रोज बोलतात ते बोलणं यांची तुलना केली (2015). पुस्तकांत वेगवेगळ्या शब्दांचं प्रमाण जास्त निघालं. कारण सरळ आहे. मुलांशी आपण बोलतो ते समोर जे चाललंय त्याबद्दल: ये, जेव, हात धू, चप्पल घाल. देवमासा, दीपगृह, हिरमुसणं, दबा धरणं हे शब्द त्या बोलण्यात यायचं काही कारणच नसतं. पुस्तक समोर नसलेलं जग घेऊन येतं, त्याबरोबर त्या जगाचे शब्द येतात आणि चित्र त्यांचा अर्थ जागच्या जागी पटवून देतं.

तेच पुस्तक पुन्हा, परत, अजून एकदा, हा हट्टही वाया जात नाही. जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांच्या 2011 सालच्या प्रयोगात तीन वर्षांच्या मुलांना नवे शब्द गोष्टींतून ऐकवले. काहींना त्याच त्या गोष्टी परत परत वाचून दाखवल्या, काहींना दर वेळी वेगळ्या. शब्द मात्र सगळ्यांच्या कानावर सारख्याच वेळा पडले. तीच गोष्ट ऐकणाऱ्यांनी जास्त शब्द शिकले. गोष्ट ओळखीची झाली की ‘पुढे काय’ ही धाकधूक संपते आणि लक्ष बारकाव्यांकडे वळतं. मोठी माणसं आवडतं गाणं शंभरदा ऐकतात तेव्हा त्यांना कुणी विचारत नाही.

आणखी एक. ज्यात पानं ओढायची, झडपा उघडायच्या, बटणं दाबायची असतात अशा पुस्तकांतून मुलं साध्या पुस्तकांपेक्षा कमी शिकतात, असं 2010 च्या एका अभ्यासात दिसलं. लक्ष झडपेत अडकतं. खेळणं म्हणून ती झकास असतात, तेवढंच.

मोठ्यांनी काय करावं, याबद्दल ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी 1988 साली एक साधी गोष्ट तपासली. आईवडिलांना सांगितलं, की नुसतं वाचून दाखवू नका. ‘हो-नाही’त उत्तर संपणार नाही असं काही विचारा, मूल जे बोलेल त्यात थोडी भर घालून ते परत म्हणा, आणि हळूहळू गोष्ट त्यालाच सांगू द्या. महिनाभरात या मुलांची बोलण्यातली प्रगती, नेहमीच्या पद्धतीने पुस्तकं वाचून दाखवली गेलेल्या मुलांपेक्षा स्पष्ट पुढे गेली.

इथे एक धोका आहे आणि तो मी बऱ्याच घरांत बघितलाय. प्रश्न विचारा म्हटलं की लोक परीक्षा घ्यायला लागतात. हा कोण? रंग कोणता? किती बदकं? म्हणून दाखव. पाचव्या प्रश्नाला मूल मांडीवरून उतरतं, आणि योग्यच करतं. ‘कोल्हा आता काय करेल?’ हा प्रश्न आहे, ‘कोल्ह्याचे पाय किती?’ ही तोंडी परीक्षा. तीच गोष्ट तात्पर्याची. “म्हणून बाळा, आपण नेहमी खरं बोलावं” हे वाक्य पुस्तक मिटताना कुणी म्हटलं, की मघाशी मुलाने स्वतःच्या कष्टाने जोडलेली गोष्ट परत सुटी होते.

कला कशासाठी, याचं खरं उत्तर

कलेचं समर्थन करताना एक ठरलेली टेप वाजवली जाते: संगीत शिका, गणित सुधारतं; चित्रं काढा, मार्क वाढतात. 1993 साली काही विद्यार्थ्यांना मोझार्टचं संगीत दहा मिनिटं ऐकवलं आणि कागदाच्या घड्या मनात उलगडण्यासारख्या एका चाचणीत त्यांचे गुण थोडा वेळ वाढले. परिणाम दहा-पंधरा मिनिटांपुरता, आणि तोही महाविद्यालयीन मुलांत. पण बातमी फिरत फिरत ‘मोझार्ट ऐकून बाळं हुशार होतात’ अशी झाली. 1998 साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने प्रत्येक नवजात बाळाला पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची कॅसेट किंवा सीडी देण्यासाठी सरकारी पैसे मागितले.

एलन विनर आणि लॉइस हेटलंड यांनी 1950 ते 1999 या काळातले असे अभ्यास एकत्र तपासले. नाट्य करण्यामुळे भाषिक कौशल्यं सुधारतात, संगीतामुळे अवकाशाचा विचार करण्याची क्षमता काही प्रमाणात वाढते, एवढे दुवे टिकले. बाकी कलेमुळे शाळेतले गुण वाढतात याला भक्कम पुरावा सापडला नाही. दोघी स्वतः कलाशिक्षणाच्या बाजूच्या. त्यांचं म्हणणं असं, की गणितासाठी कला शिकवायची तर उद्या कुणी गणिताची जास्त चांगली पद्धत आणली की कला हद्दपार होईल. मला हे पूर्ण पटतं. भूगोल शिकवल्याने व्याकरण सुधारतं का, असं आपण कधी विचारतो का?

मग कला रोजच्या जगण्यात करते काय? तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी 1934 साली याबद्दल लिहिलं. त्यांची तक्रार अशी होती, की आपण कलाकृती उचलून संग्रहालयात उंच चौथऱ्यावर ठेवल्या आणि ज्या जगण्यातून त्या आल्या त्याच्याशी त्यांचा संबंध तोडला. मन लावून केलेलं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत पूर्ण झालेलं आणि करताना जाणवलेलं कुठलंही काम कलेच्या अनुभवाजवळ जातं, मग ते बागेतलं असो की यंत्रावरचं. रोजच्या बहुतेक गोष्टी आपण अर्धवट बघतो. ओळखू आली की नजर पुढे सरकते; झाड आहे, ठीक, पुढे. बघणं आणि ओळखणं यांत ड्यूई फरक करतात, आणि कला आपल्याला ओळखण्यापाशी न थांबता बघायला लावते.

चित्रपुस्तक हे काम दिवसाला दहा मिनिटांत, घरच्या घरी करतं. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात शिक्षण विभाग सांभाळलेले फिलिप येनवाइन आणि मानसशास्त्रज्ञ अबिगेल हाउझेन यांनी चित्रांवर गप्पा मारण्यासाठी तीन प्रश्न ठरवले होते. या चित्रात काय चाललंय? तुला असं कशावरून वाटलं? आणखी काय दिसतंय? दुसरा प्रश्न सोन्याचा आहे. “ही बाई रडतेय.” कशावरून? “तिचे खांदे बघ ना, खाली आलेत.” चार वर्षांचं मूल इथे पुरावा देतंय. उत्तर बरोबर की चूक हे मोठ्याने सांगायचं नाही. फक्त ऐकायचं, आणि खांदे खरंच खाली आलेत का ते आपणही बघायचं. मोठी माणसं या खेळात सहसा हरतात. चित्राच्या कोपऱ्यातला उंदीर त्यांना दिसलेलाच नसतो.

पोट भरल्यावर सुचणारी ही चैन आहे, असंही कुणी म्हणेल. दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त झालेल्या जर्मनीत हाच प्रश्न जेला लेपमन यांच्यासमोर होता. त्या ज्यू पत्रकार, नाझी राजवटीत देश सोडावा लागलेल्या. युद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्याच्या सल्लागार म्हणून परतल्या. मुलांना अन्न आणि कपडे हवे होतेच. पण द्वेषावर वाढलेल्या या पिढीला दुसरी माणसं दिसली पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी 20 देशांना पत्रं पाठवून मुलांची पुस्तकं मागितली, जास्त करून चित्रांची, कारण ती भाषा न येताही वाचता येतात. बेल्जियमने आधी नकार कळवला. जर्मनीने दोनदा आक्रमण केलेला देश तो. लेपमन यांनी पुन्हा लिहिलं आणि पुस्तकं आली. 1946 साली म्युनिकमध्ये प्रदर्शन भरलं, 1949 साली त्यातून आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय उभं राहिलं. ते आजही चालू आहे. त्यांनीच पुढाकार घेऊन उभ्या केलेल्या बालसाहित्याच्या जागतिक संस्थेने 2012 साली इटलीच्या लांपेदूसा बेटावर, जिथे समुद्र ओलांडून निर्वासित पोचतात, तिथल्या मुलांसाठी जगभरातून शब्द नसलेली चित्रपुस्तकं गोळा करायला सुरुवात केली.

पुस्तक निवडताना एक सोपी चाचणी करता येते. मजकुरावर हात ठेवा आणि नुसती चित्रं बघत जा. काहीतरी घडतंय असं वाटलं पाहिजे. मग चित्रं झाकून मजकूर वाचा; काहीतरी कमी पडतंय असं वाटलं पाहिजे. दोन्ही वेळा सगळंच कळलं तर एकाच गोष्टीचे दुप्पट पैसे जातायत. भडक रंग, सगळ्या प्राण्यांच्या चेहऱ्यावर एकच हसू, पानभर सारखीच गर्दी, अशी पुस्तकं बाजूला ठेवायला हरकत नाही. उलट थोडी भीती, थोडी उदासी, अर्धवट उलगडलेलं एखादं कोडं असलेल्या पुस्तकाला बिचकू नका. मुलाला नको असेल तर ते स्वतःच पुस्तक मिटतं.

आणि वयाचं काय? सहा-सात वर्षांचं मूल स्वतः वाचायला लागलं की घरातली चित्रपुस्तकं माळ्यावर जातात. ‘आता भरपूर मजकुराची पुस्तकं वाच’ असं कौतुकाने सांगितलं जातं. नेमकं याच वयात मुलाला चित्रकाराची लबाडी कळायला लागलेली असते: चौकट का मोडली, हे पात्र पाठमोरं का, शेवटचं पान कोरं का. ऑस्ट्रेलियन चित्रकार शॉन टॅन यांनी 2006 साली स्थलांतरितांवर एक जाडजूड पुस्तक काढलं, त्यात वाचता येईल असा एकही शब्द नाही. ते लहानांना जितकं झेपतं त्याहून मोठ्यांना जास्त. तेव्हा माळ्यावर टाकण्याआधी ती पुस्तकं दहा वर्षांच्या मुलाला एकदा पुन्हा चाळायला द्या. आणि शेजारी बसून, मजकूर झाकून, तुम्हीही.